अश्मपूरचे नाना

नाना उपळेकर आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी भिंतीवरची चित्रं पाहिली नाहीत, पुस्तकांचं कपाट पाहिलं नाही, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडेही पाहिलं नाही. ते थेट स्वयंपाकघरात शिरले, ओट्याखालचा कचऱ्याचा डबा पुढे ओढला, झाकण उघडलं आणि चष्मा कपाळावर सारून आत डोकावले.

"काल रात्री पिठलं," ते म्हणाले. "आज सकाळी पोहे. आणि मध्ये तुमचं दोघांचं भांडण झालं असावं."

पिठलं बरोबर, पोहे बरोबर. भांडणही झालं होतं. मी विचारलं, "भांडण कशावरून?"

"पिठलं पातेलंभर टाकलंय. म्हणजे केलं, पण कुणी जेवलं नाही. त्याच्या वर बिस्किटांचे पुडे, दोन, वेगवेगळे. एकत्र बसून खाल्ली असती तर एकच पुडा फोडला असता. त्यावर पोह्यातल्या मिरच्या, म्हणजे सकाळी समेट झाला. सध्याच्या पुराव्यानुसार."

समीर, म्हणजे माझा नवरा, बाल्कनीत उभा राहून बिस्किटं खाणारा तो एक पक्ष. त्यानं वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं ते नाना जाईपर्यंत खाली घेतलं नाही.

समीर विमा कंपनीत आहे. त्याची बदली जयपूरला झाली आणि आम्ही सिव्हिल लाइन्सच्या मागच्या बाजूला एका सोसायटीत भाड्यानं राहायला आलो. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मी भाजीच्या ठेल्यावर उभी राहून "भैया, ये कोथिंबीर कैसे दिया?" असं विचारत होते, तर मागून शुद्ध सातारी मराठीत आवाज आला, "धनिया म्हणा, धनिया. कोथिंबीर या भागात अजून कुणाला सापडलेली नाही."

वळून पाहिलं. किडकिडीत, उन्हानं भाजून काढलेला, पंच्याहत्तरीच्या पुढचा माणूस. सदऱ्याला खिसे किती ते मोजायची सोय नव्हती, आणि प्रत्येक खिशात काहीतरी खडखडत होतं. नाना पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे वाईचे. पण सगळी नोकरी राजस्थानच्या वाळूत, तंबूत गेलेली. निवृत्तीनंतर वाईला का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाईत काय आहे? सगळं वरच दिसतं."

"सध्याच्या पुराव्यानुसार" हे त्यांचं पालुपद. नाना कसे आहात? "सध्याच्या पुराव्यानुसार जिवंत." चहा टाकू का? "सध्याच्या पुराव्यानुसार, नको म्हणण्यासारखं काही आढळलेलं नाही." सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी जाहीर केलं की पाण्याची टाकी धुतली आहे. नाना उठले, टाकीवर चढले, बोटभर गाळ खाली घेऊन आले आणि म्हणाले, "यात तीन थर आहेत. तिसरा तुमच्या आधीच्या अध्यक्षांच्या काळातला." त्या दिवसापासून अध्यक्ष त्यांना लांबूनच 'नानाजी, राम राम' करतात.

त्यांना स्कूटरवर मागे घेऊन जाणं हा वेगळाच प्रकार. जयपुरात कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतोच. पाइप, केबल, नाला, काहीतरी. आपण वैतागून कडेनं निघतो. नाना माझ्या खांद्यावर थाप मारायचे, "थांब, थांब! छेद दिसतोय, मातीचे थर!" आणि स्कूटर पुरती थांबायच्या आत हेल्मेटसकट खड्ड्याच्या काठावर. एकदा टोंक रोडवर ते असे चराच्या भिंतीला नाक लावून उभे होते, तर मुकादम धावत आला. त्याला वाटलं, महापालिकेचे साहेब.

"साहब, पाइप कल तक डल जाएगा. पक्का."

"पाइप राहू दो," नाना म्हणाले. "ये काली पट्टी देखो. राख है, राख. यहाँ किसी का चूल्हा था. तुम्हारे आजोबा के आजोबा के पहिले का."

मुकादमानं आधी घाबरून पाहिलं, मग नीट पाहिलं. मग त्यानं कामावरच्या बायकांनाही बोलावलं. अर्धा तास टोंक रोडचं काम बंद होतं आणि सगळे मिळून एका चुलीकडे बघत होते.

माझं काम सीतापुऱ्यात, कारखान्यांच्या वस्तीतल्या एका इमारतीत. खालच्या मजल्यावर परदेशी पाठवायचे कुर्ते शिवतात आणि वरच्या मजल्यावर आम्ही ड्रॅगन बनवतो. म्हणजे कॉम्प्युटर गेम. मी त्यांच्या गोष्टी आणि संवाद लिहिते. आमचा मालक कुणाल, तिशीतला जयपुरी मुलगा, अतिशय उत्साही. त्यानं अश्मपूर नावाचं एक मायानगर काढलं होतं. सोन्याचे दरवाजे, हवेत तरंगणारे पूल, सर्वात उंच मनोऱ्यावर ड्रॅगन. तारा नावाची मुलगी या हरवलेल्या नगराचा शोध घेते आणि तिला वाट दाखवायला एक म्हातारे पुरातत्त्वज्ञ असतात, आचार्य. छातीवर रुळणारी दाढी, हातात निळ्या ज्वालेची काठी. कुणाल म्हणाला, "मॅम, कोई असली आर्कियोलॉजिस्ट मिल जाए तो एक बार दिखा लें?"

मी नानांना घेऊन गेले.

नानांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं. संगीत सुरू झालं, ढग बाजूला झाले, अश्मपूर झळाळून उठलं. नानांनी शेवटपर्यंत पाहिलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"उकिरडा कुठाय?" नाना म्हणाले.

कुणालनं माझ्याकडे पाहिलं.

"कूड़ा," नाना म्हणाले. "ये लोग कूड़ा कहाँ फेंकते थे?"

"सर, ये जादू की नगरी है."

"जादूवाले खाते नहीं? खाते हैं तो उष्टं-खरकटं होगा. मटका फूटेगा. वो कहाँ गया? और ये ऊपर जो बैठा है..."

"ड्रॅगन, सर."

"ये किती वर्षं से बैठा है?"

"हज़ार साल से, सर."

"तो इसका शेण कहाँ है?"

 संध्याकाळपर्यंत कुणालच्या एका चित्रकारानं ड्रॅगनच्या मनोऱ्याखाली एक टेकडी काढली होती. मग नाना रोज यायला लागले. विहिरीच्या काठाला दोराच्या खाचा पडल्या. पायऱ्या मधोमध झिजल्या. एका उंबऱ्याजवळ लहान मुलाच्या खेळण्यातलं मातीचं चाक पडलं. सोन्याचे दरवाजे नानांनी फक्त एका वाक्यानं घालवले: "लुटून नेले असतील." दोनेक महिन्यांत अश्मपूर असं दिसायला लागलं की तिथली माणसं आत्ताच कुठंतरी बाहेर गेली आहेत. मी ते पाहिलं आणि मला कधी नव्हे ते स्वतःच्या गोष्टीबद्दल वाईट वाटलं. या माणसांचं काय झालं असेल, असा विचार मी लिहिताना केलाच नव्हता.

नाना मला म्हणाले, "तू फार पटकन खाली जातेस. लिहिताना. वरचा थर आधी बघावा. माणूस काय करतो ते. कशासाठी करतो हे मागाहून सापडतं."

मला लिहायला कुणी शिकवलं असं विचारलं तर मी या एका वाक्याचं नाव सांगेन.

शेवटी कुणालनं हट्ट धरला की आचार्यांचा आवाज नानांचाच हवा. नानांनी आधी आचार्यांची झडती घेतली. निळी काठी गेली, पाण्याची बाटली आली. दाढी गेली ("धूळ बसते"). झग्याला खिसे आले आणि खिशात गूळ-शेंगदाणे. "हे वीर कन्या, उठो" हे वाक्य त्यांच्या तोंडून काही केल्या येईना. चार वेळा अडखळले आणि पाचव्यांदा म्हणाले, "बेटा, पहले पानी पी ले." कुणालनं तेच ठेवलं.

मग एक दिवस त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मी मरतो म्हणे?"

मी ओशाळले. असल्या गोष्टींत गुरू मरतोच. त्याशिवाय शिष्य मोठा होत नाही. "हो नाना. तिसऱ्या भागात. ड्रॅगनच्या आगीत."

"हरकत नाही. राख किती जाडीची होते ते मी सांगेन." मग म्हणाले, "पण म्हातारा गेल्यावर त्याच्या तंबूत कोण राहतं?"

"कोणी नाही. तारा पुढे निघून जाते."

"तंबू रिकामा असतो याला काय आधार? इतकी वर्षं तो तिथं एकटा राहिला? त्याचं जेवण कोण बघत होतं? मागं कुणी असेल तर?" त्यांचा आवाज चढला होता. "असं मध्येच मारून टाकता येत नाही माणसाला."

मला वाटलं, शेणासारखंच हेही. मी म्हटलं, बघते.

त्यानंतर नाना यायचे बंद झाले. फोनवर फक्त एवढंच बोलले, "मला जमणार नाही आता. दुसरा कुणी बघा." कुणाल हवालदिल झाला, कारण निम्मे संवाद बाकी होते. सोसायटीच्या पहारेकऱ्यानं मला निराळीच हकीकत सांगितली. नानांच्या घरी दिवसभर त्यांच्या बायकोजवळ, मालतीकाकूंजवळ, एक बाई असायची, ती गावी गेली होती. नाना औषधं आणायला बाहेर पडले तेवढ्यात मालतीकाकू दार उघडून निघाल्या आणि मोठ्या रस्त्यापाशी गटारासाठी चर खणला होता त्याच्या काठावर जाऊन बसल्या. मजुरांकडे ड्रॉइंगचा बोर्ड मागत होत्या. बोर्ड मिळेपर्यंत उठायला तयार नव्हत्या.

काकू आहेत हे आम्हाला माहीत होतं. 'तब्येत बरी नसते' एवढंच. नाना सगळ्यांच्या घरी जायचे, पण त्यांच्या घरी कुणाला बोलवायचे नाहीत. जेवायच्या वेळेला मात्र कुठूनही उठून घरी जायचे.

मी जाऊन बेल वाजवली. नानांनी दार हातभर उघडलं आणि त्या फटीत उभे राहिले. दाढी वाढली होती.

"कोण आलंय हो?" आतून आवाज आला. "खोदकामाला यायची ती पुण्याची माणसं का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर मान वळवून मोठ्यानं म्हणाले, "हो! नवीन मुलगी आलीय. ड्रॉइंगला."

एवढं बोलून ते बाजूला झाले. मी आत गेले.

"चपला बाहेर झटक," काकू म्हणाल्या. "विंचू असतात." पलंगावर ताठ बसलेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांचा अंबाडा, अंगात नानांचा स्वेटर. "भांड्यांची चित्रं काढता येतात का तुला? नुसती फुलं काढून चालायचं नाही इथं."

"शिकेन," मी म्हटलं.

"शिकवीन. काम कधी सुरू होणार म्हणतात हे?"

"उद्या," नाना म्हणाले. "वाळू जरा निवली की."

"कालही उद्याच म्हणाले होते," काकू मला म्हणाल्या. "यांचं असंच असतं."

चहा करायच्या निमित्तानं नाना मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. आधण ठेवलं आणि त्याच्याकडेच बघत बोलले.

"ती आमच्या कँपवर ड्राफ्ट्समन होती. तिथंच ओळख. खापराचा एवढासा तुकडा दिला की अख्खा माठ काढून दाखवायची. तिच्याइतकी स्वच्छ रेघ मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. आता ती परत तिथंच गेली आहे. लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात."

"आणि तुम्ही?"

"मी सुरुवातीला तिला समजावत होतो. हे बघ कॅलेंडर, हे बघ आरशात, हा आपल्या लग्नाचा फोटो. तुझी आई जाऊन किती वर्षं झाली. जन्मभर तेच केलं ना मी. पुरावा दाखवला की माणसाला पटतं." त्यांनी साखर घातली, मग बहुतेक विसरून पुन्हा घातली. "रोज सकाळी मी तिला पुरावा द्यायचो. आणि रोज सकाळी तिची आई नव्यानं मरायची. ती रडायची तेही पहिल्यांदा रडल्यासारखी. शेवटी एक दिवस म्हटलं, बास. ती तंबूत आहे ना, मग मीही तंबूत."

"नाना, तुम्ही आम्हाला सांगायचं तरी."

"काय सांगणार? तिथं मी अजून तिला विचारलेलंही नाही. लग्नाचं." ते किंचित हसले. "रोज संध्याकाळी धीर गोळा करतो."

त्या दिवशी घरी येऊन मी तिसरा भाग उघडला आणि आचार्यांच्या तंबूत दिवा लावला. आत कोण आहे ते लिहिलं नाही. पण तारा आता पुढे जाण्याआधी तिथं वाकून पाहते आणि पाणी ठेवून जाते.

कुणालला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो रिकॉर्डिंग वहीं करते हैं ना, मॅम." बाहेरच्या रिक्षांचे आवाज येऊ नयेत म्हणून तो घरून चांगल्या डझनभर रजया घेऊन आला आणि नानांच्या खोलीच्या भिंतींवर, खिडक्यांवर त्यानं त्या दोऱ्यांनी टांगल्या. काकू पलंगावरून हे काम बघत होत्या. शेवटची रजई चढल्यावर म्हणाल्या, "आत्ता कुठं तंबूसारखा तंबू झाला."

नाना माइकसमोर बसले. आचार्यांचा शेवटचा प्रसंग होता. नानांनी घसा खाकरला आणि फार सुंदर म्हटलं, "बेटा, अब मेरे जाने का समय आ गया है."

"जेवून जा," काकू पलंगावरून म्हणाल्या.

कुणालनं कानावरचे हेडफोन काढले. "क्या बोला आंटीजी ने?"

मी अर्थ सांगितला. तो हसला, मग हसायचा थांबला. नाना उठून आत गेले आणि खरोखरच ताटं घ्यायला लागले. आम्ही सगळे वरण-भात जेवलो, आणि आचार्य नंतर मेले.

पण काकूंचं 'काम कधी सुरू होणार' हे काही थांबेना. त्या आता रोज दाराशी जाऊन उभ्या राहायला लागल्या होत्या. नाना एका सकाळी मला म्हणाले, "तिला साइटवर न्यायला हवं."

"कुठल्या साइटवर?"

"जिथं वाळू आणि पाणी असेल. आणि गर्दी नसेल."

म्हणून थंडीतल्या एका सकाळी समीरनं गाडी काढली आणि आम्ही कानोत्याला गेलो, धरणावर. सहलीची मंडळी अजून यायची होती. पाण्यावर धुकं होतं. काकूंना शाल गुंडाळून आम्ही काठाजवळ सतरंजीवर बसवलं. त्यांनी मांडीवर बोर्ड घेतला, कागदाला चिमटे लावले, पेन्सिलीचं टोक तपासलं. त्यांचे हात इतके सराईत चालले होते की मला त्यांच्यापेक्षा आम्हीच चुकलेले वाटायला लागलो.

चहाच्या ठेल्यावरून समीरनं मातीच्या कुल्हडांतून चहा आणला. चहा पिऊन नाना, "जरा जागा बघून येतो," म्हणत बाभळींच्या मागं गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले.

नाना गुडघ्यांवर बसले होते. रिकामं कुल्हड त्यांनी दगडावर आपटून फोडलं होतं आणि तुकडे निवडत होते. काठाचा एक तुकडा त्यांनी उजेडात धरून पाहिला, त्याची ताजी कड दगडावर घासून बोथट केली, तोंडाशी नेऊन त्यावर धूळ फुंकली. मग चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि बोटांनी वाळू उकरून तो तुकडा आत ठेवला, वर वाळू सारली, तळव्यानं थोपटली. जमिनीत आपल्या हातानं काही ठेवणं याहून मोठं पाप त्यांच्या धंद्यात नाही, एवढं एव्हाना मलाही कळत होतं.

त्यांनी मला पाहिलं.   मी वळून सतरंजीपाशी आले.

थोड्या वेळानं ते काकूंचा हात धरून त्यांना तिथं घेऊन गेले. "इथं काहीतरी असावं, मालती. हळू हं." काकूंनी खाली बसून खुरपं घेतलं, पण वापरलं नाही. बोटांनीच एकेक चिमूट वाळू बाजूला केली. काठ दिसला. त्यांचा चेहरा असा उजळला की समीर दुसरीकडे बघायला लागला.

काकूंनी तुकडा उचलला. फुंकर मारली. कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. मग नाकाशी नेला.

"याला चहाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

नानांनी हातावरची वाळू झटकली.

"हे तुम्ही ठेवलंत."

नानांचे कान लाल झाले. या वयाच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मला माहीत नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"कशाला?"

"तुला काढायला काहीतरी हवं होतं ना."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं कुठल्या हिवाळ्यातलं होतं, लग्नाआधीच्या की आत्ताच्या, ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी तुकडा पुन्हा हातात फिरवला.

"काठ बरा आहे," त्या म्हणाल्या. "बोर्ड द्या इकडं. आणि डावीकडं सरका, उजेड अडवताय."

नाना डावीकडे सरकले. काकूंनी तुकडा कागदाशेजारी ठेवला, एक डोळा मिटला आणि पहिली रेघ ओढली. रेघ कुठंही हलली नाही. खाली, जिथं तुकडा तुटला होता तिथं न थांबता, ती पुढे जात राहिली.